एज्रापासून आख्यानापर्यंत

सातारा-सांगलीकडच्या माणसाला पारायण आणि निरूपण म्हणजे काय, हे सांगायला नको. सप्ताहात दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, रात्री कीर्तन. सज्जनगडच्या समर्थांनी तर दासबोधाच्या चौथ्या दशकात कीर्तनभक्तीवर एक अख्खा समास खर्च केला आहे. ज्यूंची रीत याच जातीची, फक्त त्यांचं पारायण वर्षभर चालतं. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, 54 भागांत वाटलेली आहेत. एकेका भागाला पराशा म्हणतात. दर शनिवारी, शब्बाथला, हातानं लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळीतून त्या आठवड्याचा पराशा वाचतात. सिम्हात तोराच्या सणाला शेवटचा भाग संपतो आणि लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय लागतो.

या रिवाजाचं मूळ बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकात सापडतं. बाबिलोनच्या बंदिवासानंतर यरुशलेमात एज्रा शास्त्र्यानं सकाळपासून दुपारपर्यंत लोकांपुढे नियमशास्त्र, म्हणजे तोरा, वाचलं आणि लेव्यांनी, म्हणजे मंदिराच्या सेवेकऱ्यांनी, त्याचा अर्थ सांगितला. पुढे लोकांच्या तोंडी अरामी रुळली, तसा सभास्थानात वाचणाऱ्याच्या शेजारी अर्थ सांगणारा उभा राहू लागला. हिब्रू वचन झालं की तो तेच अरामीत सांगायचा, तेही कागदात न बघता. पॅलेस्टाइनात एक आवर्तन पुरं व्हायला साधारण तीन वर्षं लागत, बाबिलोनात एकच. शेवटी बाबिलोनची वहिवाट सगळीकडे गेली. आठवड्याचा भाग घरीही वाचावा, मूळ दोनदा आणि अरामी अर्थ एकदा, असा दंडक तल्मूद या ज्यू धर्मग्रंथानं घालून दिला.

दहाव्या शतकात सादिया गाओन या पंडितानं तोरा अरबीत आणला. फ्रान्समधल्या त्र्वा गावच्या राशीनं (1040–1105) टीका लिहिली सोप्या हिब्रूत, पण शब्द अडला की तो सरळ गावातला फ्रेंच शब्द हिब्रू अक्षरांत लिहून मोकळा होई. नोहाच्या पराशाला त्याची हातोटी दिसते. नोहा त्याच्या पिढीत सज्जन होता, असं मूळ सांगतं. राशी म्हणतो, यावर जुन्या पंडितांची दोन मतं आहेत: चांगल्या पिढीत तो आणखी चांगला निघाला असता, किंवा अब्राहामाच्या काळात त्याला कुणी विचारलंही नसतं. दोन्ही मतं मांडून तो पुढे जातो. निवाडा वाचणाऱ्यानं करायचा. 1475 साली ही टीका इटलीत छापली गेली. पुढे व्हेनिसच्या डॅनिएल बाँबर्गनं मूळ, अरामी भाषांतर आणि टीका एकत्र छापल्या. मध्ये मूळ आणि भोवती टीकाकार, अशी ती पानं आजही अभ्यासाला घेतात.

कोकणातल्या ज्यूंकडे, म्हणजे बेने इस्रायलांकडे, शतकानुशतकं ग्रंथच नव्हता. शमाची प्रार्थना तोंडपाठ होती आणि शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांची पहिली ‘मशीद’, म्हणजे सभास्थान, बांधली. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्यानं मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या, तर 1874 साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी मराठी अर्थासह निघाली.

छापील मराठी वाचता येणाऱ्यांची सोय झाली, पण ऐकणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखी मंडळी कीर्तनाला उभी राहिली. आख्यान लावायचं ते अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. पदं साकी-दिंडीच्या चालींवर. मराठी कानाला आख्यानाची सवय होतीच. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं राहिलं, तेही आख्यानाच्या पदांवरच. भावांनी योसेफाला विकलं, ही कथा त्या पदांमधून ऐकणाऱ्या बाईला हिब्रूचं एक अक्षर येत नसलं तरी बिघडत नव्हतं.

कीर्तन हे पराशावाचनाच्या जागी आलं नाही; मशिदीत गुंडाळी हिब्रूतच वाचली जाई. पण कीर्तनकारानं केलं ते लेव्यांनी आणि अरामी सांगणाऱ्यानं केलं तेच: मुळाला हात न लावता अर्थ श्रोत्याच्या भाषेत उतरवला. ही कीर्तनं म्हणजे हिंदू चालीची उसनवारी, असं कुणी म्हटलं तर चाली उसन्या खऱ्याच. काम मात्र तोराच्या घरातलं जुनं. अरामी, अरबी, फ्रेंच या ओळीत मराठीचं नाव हक्कानं घालायला हवं.