एका नाचाची तीन नावे

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचे लोटे हे गाव आज मुंबई–गोवा महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि तेथील रासायनिक कारखान्यांमुळे ओळखले जाते. परंतु खेड, चिपळूण, गुहागर या पट्ट्यात गणपतीच्या दिवसांत घरोघरी जो नाच होतो, तो या कारखान्यांहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याला कोशात कोणते नाव द्यावे, हा प्रश्न आहे. सारवलेल्या अंगणात मधोमध गायक, ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात, त्यांच्याभोवती पायात चाळ, म्हणजे घुंगरांची माळ, बांधलेले नाचे गोल धरतात आणि ढोलकीच्या ठेक्यावर सगळ्यांची पावले एकदम जमिनीवर पडतात. या एकाच नाचाला जाखडी, बाल्या नाच आणि शक्ती-तुरा अशी तीन नावे आहेत.

‘जाखडी’ हे नाव सामान्यतः ‘जखडणे’ या क्रियापदाशी जोडले जाते, कारण नाचणारे एकमेकांशी बांधल्यासारखे फिरतात. ‘शक्ती-तुरा’ हे नाव नाचाचे नसून त्यातील गाण्याचे आहे. देशावरच्या शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला, श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला, आणि हा वाद ते सवाल-जवाबांतून, म्हणजे पद्यातील प्रश्नोत्तरांतून, रंगवीत. कोकणात कलगीच्या जागी थेट ‘शक्ती’ हाच शब्द रूढ झाला. सांख्य आणि वेदान्ताच्या परिभाषेतील हा झगडा शेतकरी आणि गिरणी कामगार शाहिरांनी गण-गवळणीच्या जोडीने पिढ्यान्‌पिढ्या चालवला, ही गोष्ट केवळ ‘लोकनृत्य’ या शब्दात मावत नाही.

तिसरे नाव मात्र बाहेरून आले. मुंबईत घरकामाला राहिलेल्या, कानात बाळी घालणाऱ्या कोकणी तरुणांना तेथील लोक ‘बाल्या’ म्हणू लागले आणि त्यांचा नाच तो ‘बाल्या नाच’ झाला, अशी या नावाची प्रचलित उपपत्ती आहे. मालकाने गड्याला दिलेले हे नाव शहरात बोलले गेले, म्हणून शहरात छापलेही गेले.

येथेच कोशरचनेचा प्रश्न उभा राहतो. वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. त्यातील नोंदी नेमलेल्या अभ्यासकांनी लिहिल्या आणि शीर्षकाचा निर्णय संपादकांकडे राहिला. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो. मात्र मजकूर तटस्थ असावा आणि प्रकाशित संदर्भावरून पडताळता यावा, असा तेथे नियम आहे. इंग्रजी विकिपीडियावर 2012 मध्ये ‘द बीटल्स’ या रॉक बँडच्या नावातील ‘द’ वाक्याच्या मध्ये मोठ्या अक्षराने लिहावा की लहान, यावर मतदान घेण्यात आले आणि लहान अक्षराच्या बाजूने कौल पडला. तो वाद लेखनशैलीचा होता, कारण बँडने स्वतः धारण केलेले नाव त्यात अबाधितच होते. जाखडीच्या बाबतीत नाव कोणी ठेवले हाच मुद्दा आहे, आणि पडताळणीचा नियम जशाचा तसा लावला तर ज्याच्या हाती छापखाना होता त्याचेच नाव टिकते.

म्हणून शीर्षक ‘जाखडी’ असावे, ‘शक्ती-तुरा’ ही गायनपरंपरा स्वतंत्र नोंदीत सविस्तर यावी आणि ‘बाल्या नाच’ हे नाव पुनर्निर्देशनापुरते, म्हणजे शोधणाऱ्याला मूळ नोंदीकडे नेणाऱ्या दुव्यापुरते, ठेवून त्यामागचा मुंबईचा इतिहास लेखात स्पष्ट सांगावा, हेच न्याय्य आहे. नाव पुसून टाकणे योग्य होणार नाही, कारण त्या नावात घरकाम करणाऱ्या एका पिढीचे शहरातील जिणे नोंदलेले आहे.

या भूमिकेला छापील आधारही आहे. मुंबईच्या एखाद्या नाट्यगृहात किंवा गावच्या मांडवात सामना ठरतो तेव्हा लागणाऱ्या जाहिरातींवर एका बाजूला शक्तीवाले शाहीर, दुसऱ्या बाजूला तुरेवाले शाहीर, त्यांच्या मंडळांची नावे आणि वाडी-गाव असा मजकूर असतो. ही पत्रके कलावंतांनी स्वतः लिहवून घेतलेली असतात; ती तारीखवार जमवली, तर कोशकाराला हवा असलेला पुरावा त्यांतूनच उभा राहतो.