हिऱ्याला घासतो हिराच
१६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात ज्याँ-बातिस्त ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दख्खनमधील राओलकोंडा खाणीवरच्या कारागिरांची रीत नोंदवली आहे. चाकावर एका वेळी एकच हिरा. त्याची नस सापडेपर्यंत पाण्याची धार. ती सापडली की तेल, आणि महाग असूनही हात न आखडता हिऱ्याची पूड. वर युरोपातल्यापेक्षा जड वजन.

कारण स्फटिकरचनेत आहे. हिऱ्याची कठीणता सर्व दिशांना सारखी नसते. पुडीतील कण कसेही पडतात. त्यांतील काहींची कठीण दिशा पृष्ठाच्या मृदू दिशेसमोर येते आणि हिरा झिजतो.

१९५४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा घडला. आज पोलादी पट्टीवर निकेलने हिरेकणांचा एकच थर पकडून धार लावण्याचे ‘दगड’ बनतात. खोलगट झालेला साधा दगड अशा पट्टीवर घासून सपाट होतो. पट्टीच घासली, तर निकेल झिजून हिरे निखळतात. तिची सपाटी खालच्या पोलादाची, ती पुन्हा आणता येत नाही.

राओलकोंड्याच्या कारागिराला नवी पूड टाकता येई. पट्टीला ती सोय नाही. तिची निगा एवढीच: साबणपाणी, ब्रश आणि हलका हात.