निवाडा आणि अभ्यासगट : पुरस्कारांभोवतीच्या वाचनाविषयी

मराठीतील वाङ्मयीन पुरस्कारांचा इतिहास आजवर लिहिला गेला तो मुख्यतः पुरस्कारप्राप्त ग्रंथांचा इतिहास म्हणून. विचारार्थ आलेल्या, परंतु निवडल्या न गेलेल्या ग्रंथांचे काय होते, आणि निवड चालू असताना वाचक कोठे असतो, हे प्रश्न समीक्षेने फारसे विचारलेले नाहीत. अलीकडे शहरांतून, आणि आता दूरस्थ पद्धतीनेही, भरणारी काही वाचनमंडळे एखाद्या पारितोषिकासाठी नामांकन मिळालेली पुस्तके निकालापूर्वी वाचतात व त्यांवर वाद घालतात. ही प्रथा मूळची आपली नव्हे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या बुकर पारितोषिकाची अंतिम यादी आधी जाहीर होते आणि मधल्या काही आठवड्यांत ती यादी हाच वाचकांचा अभ्यासक्रम बनतो. फ्रान्समध्ये १९८८ पासून शाळकरी विद्यार्थी गाँकूर पारितोषिकाच्या यादीतील कादंबऱ्या वर्गात वाचतात आणि आपले स्वतंत्र पारितोषिक देतात. त्यांचा निकाल ज्येष्ठांच्या निकालापासून पुष्कळदा वेगळा पडतो, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

मराठीत अशी मंडळे रुजली नाहीत याचे खापर वाचकाच्या अनास्थेवर फोडण्याची आपली सवय आहे. अडचण रचनेची आहे. साहित्य अकादमीच्या पद्धतीत तज्ज्ञांची प्राथमिक यादी, त्यानंतर शिफारशी आणि शेवटी तीन परीक्षकांचे मंडळ अशा पायऱ्या असतात. पण निर्णयापूर्वी ही यादी वाचकांपुढे चर्चेला ठेवली जात नाही. राज्य शासनाच्या पुरस्कारांचेही तेच. १९५५ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आपला पुरस्कार हा निवाडा म्हणूनच येतो. वाचकाच्या वाट्याला उरते ते अभिनंदन किंवा कुजबुज. सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदीही निवाड्यामागून, शासनमान्य याद्यांच्या आधाराने होते.

या क्रमाला एक ठळक अपवाद म्हणजे १९७४ मध्ये सुरू झालेली 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही पुस्तके या चळवळीतून वाचकांपर्यंत गेली. 'उपरा'ला अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, १९८१ मध्ये. म्हणजे येथे वाचन आधी घडले आणि निवाडा मागून आला. दलित व भटक्याविमुक्त आत्मकथनांच्या स्वीकाराची मीमांसा करताना या क्रमाकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

एरवी मराठी वाचक पुरस्काराच्या प्रक्रियेत शिरतो तो निवाडा मोडला म्हणजे. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना विनय हर्डीकर यांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या आणीबाणीवरील पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार मागे घेतला गेला. २०२१ मध्ये नंदा खरे यांनी 'उद्या' या कादंबरीसाठीचा अकादमी पुरस्कार विनम्रपणे नाकारला. आणि ६ डिसेंबर २०२२ रोजी कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार अवघ्या सहा दिवसांत, १२ डिसेंबरच्या शासननिर्णयाने रद्द झाला. निवड समितीही बरखास्त झाली. प्रज्ञा दया पवार, नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाच्या सदस्यत्वाचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर, आनंद करंदीकर यांनी आपापले पुरस्कार नाकारले. पुस्तकाची मागणी मात्र वाढली. पुस्तक नक्षलवादाचे उदात्तीकरण करते, हा आक्षेप बरोबर की चूक, हे ठरवण्यासाठी वाचण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. पण तो मार्ग खुला झाला तो निर्णय होऊन, मोडून, सर्व काही आटोपल्यावर.

या वादात एक वाचक कोणाच्या लक्षात आला नाही. ज्या चळवळीशी हा ग्रंथ जोडलेला आहे, तिची आणि तिच्या बंदोबस्ताची झळ १९८० पासून ज्या अरण्याने सोसली, त्या अरण्यातला वाचक. एटापल्ली तालुक्यातील सूरजागड हे नाव मराठी वाचकाला वृत्तपत्रातून परिचित आहे : लोहखनिजाची टेकडी, २०१६ च्या डिसेंबरात जाळली गेलेली वाहने, खनिजाच्या मालमोटारींची रांग. त्याच टेकडीवर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि त्याची यात्रा भरते, हे बातमीत क्वचित येते. साहित्यात हा परिसर आला तोही बहुधा बाहेरून आलेल्यांच्या लेखणीतून. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य घालवलेल्या विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' (१९९२) ही त्यांतील सर्वांत जबाबदार कादंबरी.

१९७९ साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी चंद्रपूरला वामन चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलनही भरले. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. सूरजागड त्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते. दोन्ही मंडपांची भाषा मराठीच होती. विनायक तुमराम, भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम यांची पिढी या दुसऱ्या मंडपाच्या परंपरेतली. मात्र माडिया किंवा गोंडी या भाषा पुरस्काराच्या कोणत्या यादीत बसतात, हा प्रश्न शिल्लक राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या तीस लाखांच्या जवळपास आहे. बोडो भाषकांच्या ती जवळजवळ दुप्पट भरते. बोडोला आठव्या परिशिष्टात आणि अकादमीच्या वार्षिक पुरस्कारांत स्थान आहे, गोंडीला नाही. तेव्हा सूरजागडच्या वाचकापुढचा प्रश्न नामांकितांतून कोण निवडावा हा नाही. यादी कोणत्या भाषेत सुरू होते, हा आहे.

वाचनमंडळ ही कल्पना या मुलखाला परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. सूरजागडहून उत्तरेला, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात एक रीत घडवली. ग्रामसभा निर्णय घेते तो सर्वसहमतीने. आणि तिच्याजवळच, पण तिच्यापासून वेगळा, अभ्यासगट बसतो. तेथे एखादा विषय, कायदा, कागद वाचला जातो, त्यावर बोलले जाते, बाहेरचा जाणकारही बसू शकतो. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) या पुस्तकात या रीतीचे सविस्तर वर्णन आले आहे. २००९ मध्ये अठराशेहून अधिक हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवताना गावाला हेच वाचन उपयोगी पडले. समीक्षकाला यात एक मूलभूत भेद दिसावा. आपल्या पुरस्कारव्यवस्थेत निर्णय आहे, पण त्यामागे समाजाचा अभ्यास नाही. शहरी वाचनमंडळांत अभ्यास आहे, पण निर्णयाशी त्याचा संबंध नाही. मेंढ्यात दोन्ही वेगळे राहूनही एकमेकांना उत्तरदायी आहेत. (आपल्या विद्यापीठीय चर्चासत्रांना या तिन्हींपैकी कोठे बसवायचे, हे मी वाचकांवर सोडतो.)

याच्या उलट टोकाचा अनुभव सूरजागडचाच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये खाणीचे उत्पादन वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याच्या प्रस्तावाची जनसुनावणी झाली, ती एटापल्लीत नव्हे, गडचिरोलीत. दीड महिन्याने मुंबईत पुरस्कार रद्द झाला. एका ठिकाणी ज्यांचे ऐकायचे त्यांच्या गावापासून दूर सुनावणी, दुसऱ्या ठिकाणी वाचकांवाचून निवाडा.

अशा ठिकाणी उद्या एखादे वाचनमंडळ बसले, तर 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम', 'एका नक्षलवाद्याचा जन्म' आणि 'गोष्ट मेंढा गावाची' ही तीन पुस्तके शेजारी ठेवून त्याने आरंभ करावा, असे मला वाटते; यांतील कोणाला काय मिळाले वा कोणाचे काय काढून घेतले, हे शेवटी सांगावे. वाचन मराठीतून होईल आणि बोलणे माडियात. एक जण वाचील, दुसरा सांगेल. त्या सांगण्यात 'जंगल', 'सरकार', 'चळवळ' या मराठी शब्दांच्या जागी कोणते शब्द येतात, आणि कोणत्या शब्दापाशी सांगणारा थांबतो, याची टिपणे कोणीतरी ठेवायला हवीत.