चित्रपट-मंडळे आणि मराठी परिभाषा
चित्रपट पाहणे जुने. पाहिलेल्या चित्रपटाविषयी एकत्र बसून वाद करण्याची प्रथा मात्र आपल्याकडे उशिरा रुजली. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला व डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ येथील रसिकांस पाहावयास मिळाला. १९५९ मध्ये अशा मंडळांचा महासंघ रायांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिला.

मुंबईत १९६८ साली निघालेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’चे महत्त्व भाषिक दृष्ट्याही आहे. त्याच्या ‘रूपवाणी’ या मुखपत्राने ही चर्चा मराठीत आणली. कथानक, संवाद, अभिनय हे शब्द नाट्यसमीक्षेने आयतेच दिले होते. दिग्दर्शन, संकलन हे श्रेयनामावलीतून परिचित होते. परंतु दृश्याचा अर्थ सांगताना ते अपुरे पडत. म्हणून शॉट, क्लोजअप, मोंताज हे शब्द तसेच स्वीकारले गेले. मतभेद नेमकेपणाने मांडावयाचा, तर शब्दही नेमका हवा.

ही परिभाषा मुख्यतः शहरात घडली, हे तिचे वैगुण्य होय. बोर्ली पंचतनसारख्या किनाऱ्यावरील गावी ‘पिक्चर कसा वाटला?’ असा प्रश्न कोणी विचारतो, तेव्हा समीक्षेचा आरंभ झालेलाच असतो. त्या उत्तरास शब्द पुरविणे हे मंडळांचे खरे कार्य होय.