परीक्षक डॉक्टर

आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात काव्यस्पर्धा ठरली आणि परीक्षक म्हणून एका दातांच्या डॉक्टरांचं नाव फळ्यावर लागलं, तेव्हा सर्वांत मोठ्यानं हसलो तो मी. 'दाढेचं न् यमकाचं नातं काय हो?' असंही चारचौघांत विचारून घेतलं.

घरी येऊन इतिहास चाळला आणि माझीच दातखीळ बसली. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष कोण, तर डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर! पेशानं लष्करी डॉक्टर, व्यासंग औषधी वनस्पतींचा. त्यांच्यापुढे धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे कविता म्हणायला उभा राहिला. डॉक्टरांनी नाडी बरोबर ओळखली न् त्याला 'बालकवी' म्हटलं. १९१८ साली, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, ठोमरे भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. नाव मात्र डॉक्टरांनी दिलेलंच राहिलं.

मग मीही मुकाट्यानं नाव नोंदवलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी 'बालकवी' होण्याची भीती नव्हतीच. चार कडवी म्हटली. त्यातलं दुसरं वडिलांवर होतं. तेवढंच यमकासाठी न अडता लिहिलेलं.

बक्षीस मिळालं नाही. जाताना डॉक्टर हळूच म्हणाले, "साहेब, दुसरं कडवं ठेवा. बाकीची तीन किडलीत, काढून टाका."

दुखलं खरं. पण नेमकं ठिकाण त्यांनी न विचारता ओळखलं होतं.