उंबरठ्यावरची माणसे

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या भाचीचा अमेरिकेहून फोन आला. ती सॅन होजे शहरात असते. पणत्या लावल्या का, चिवडा कुणी केला, अशी चौकशी झाल्यावर ती म्हणाली, “मामा, नागरिकत्वाचा अर्ज केलाय. बोटांचे ठसे देऊन झाले, मुलाखतीचं बोलावणं काही येत नाही. रोज सकाळी उठले की चहाच्या आधी अर्ज कुठवर आला ते पाहते.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि खरं सांगू? आपलं पारपत्र परत करायचं, या विचारानं जीव थोडा कासावीस होतो.”

कायम रहिवासी म्हणून पाच वर्षे काढल्यावर माणसाने आणखी काही महिने खोळंबावे, यात तसे नवल नाही. परंतु मी पडलो इतिहासाचा मास्तर. तिचे बोलणे ऐकताच, तिच्या आधी शंभर वर्षे त्याच दाराशी उभी राहिलेली आपली काही माणसे मला आठवली. त्यांची कथा सणाच्या दिवशी सांगावी की नाही, असा क्षणभर विचार केला. पण घरच्या वडिलधाऱ्यांची आठवण आपण सणालाच काढतो ना!

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० सालचा. त्यात परक्या माणसाला नागरिक करून घेण्याची सोय होती, मात्र तो माणूस ‘स्वतंत्र गोरा’ असला पाहिजे, अशी अट होती. १८७० साली आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही हे दार उघडले. आशियातला माणूस कोणत्या रकान्यात घालायचा, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. त्यामुळे ज्याचा त्याचा निकाल ज्या त्या न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिला. मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बालसारा यांना अपिलाच्या न्यायालयाने १९१० साली ‘गोरे’ ठरविले आणि ते नागरिक झाले. दुसऱ्या शहरात दुसऱ्या हिंदी माणसाला दुसरे न्यायालय नकार देई.

त्या काळची रीतही सोपी नव्हती. आधी ‘मला नागरिक व्हायचे आहे’ असे घोषणापत्र द्यायचे. मग निदान दोन वर्षे थांबायचे. पाच वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे. ओळखीचे दोन साक्षीदार उभे करायचे. आणि अर्ज दाखल झाल्यावर पुन्हा नव्वद दिवस त्याची नोटीस लागलेली राहायची.

भगतसिंग थिंड हा अमृतसर जिल्ह्यातला तरुण १९१३ साली अमेरिकेत आला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झाला. डिसेंबर १९१८ मध्ये लष्करी गणवेशातच त्याला नागरिकत्व मिळाले. चार दिवसांनी ते काढून घेतले! त्याने पुन्हा अर्ज केला. १९२० साली ऑरेगन राज्यातील न्यायाधीशाने तो मान्य केला, पण सरकार अपिलात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले.

आता या न्यायालयाची गंमत पाहा. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा नावाच्या जपानी गृहस्थाचा अर्ज त्याने फेटाळला होता. कारण असे, की ‘गोरा’ म्हणजे शास्त्राच्या भाषेत ‘कॉकेशियन’, आणि जपानी माणूस तसा नव्हे. थिंडने साहजिकच म्हटले, की वंशशास्त्राचे पंडित उत्तर हिंदुस्थानच्या लोकांना कॉकेशियनच म्हणतात. तेव्हा मला घ्या. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकाल लिहिला, की शास्त्र काय म्हणते ते महत्त्वाचे नाही. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. पहिल्याला शास्त्राने अडवले आणि दुसऱ्याला व्यवहाराने. थिंडच्या स्वतःच्या युक्तिवादातही एक खोट होती. वंशाची अट अन्यायाची आहे, असे न म्हणता ‘मी त्या वंशाचा आहे’ एवढेच तो म्हणत राहिला. असो.

या निकालाने नवे अर्ज थांबलेच, शिवाय ज्यांना पूर्वी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही ते रद्द करण्यास सरकारने सुरुवात केली. पेशावरचे वैष्णोदास बगई १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. बर्कली गावात त्यांनी घर घेतले. सामान घेऊन पोहोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेले. तरी खचले नाहीत. दुकान थाटले, १९२१ साली नागरिक झाले. पुढे नागरिकत्व गेले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा माणसांना जमीनजुमला बाळगता येत नसे, त्यामुळे मालमत्ताही गेली. हिंदुस्थानात आप्तांना भेटायला जावे, तर अमेरिकन पारपत्र नाकारले गेले. १९२८ साली त्यांनी आपल्या हातांनी जीवन संपविले. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी आपल्यावर आलेल्या या कोंडीचा जाब विचारला होता. हे घडले सॅन होजे शहरात. माझी भाची राहते त्याच!

याच काळात एक माणूस मात्र ठाम उभा राहिला. त्याचे नाव सखाराम गणेश पंडित. नाव मराठी वळणाचे, जन्म अहमदाबादचा. ते १९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये नागरिक झाले, पुढे वकील झाले आणि आपल्या देशबांधवांचे खटलेही त्यांनी चालविले. सरकारने त्यांच्याही नागरिकत्वावर बोट ठेवले, तेव्हा त्यांनी वंशाचा वाद बाजूला सारला. त्यांचे म्हणणे साधे होते: तुमच्या न्यायालयाने मला नागरिक केले, तेव्हा तुम्ही अपील केले नाही. त्या शब्दावर विसंबून मी जुने नागरिकत्व सोडले, वकिली पत्करली, इथल्या मुलीशी लग्न केले, घर केले. आता तुम्ही शब्द फिरवलात, तर मी कुठल्याच देशाचा राहणार नाही. १९२६ साली अपिलाच्या न्यायालयाने हे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली सरकारचा अर्ज ऐकण्याचेच नाकारले आणि अशी उरलेली प्रकरणे सरकारने सोडून दिली.

दार उघडायला मात्र आणखी जवळजवळ वीस वर्षे लागली. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. नव्याने येणाऱ्यांना वर्षाला अवघ्या शंभर जागा मिळाल्या. दलीपसिंग सौंद हा गणितातला डॉक्टर कॅलिफोर्नियात शेती करीत ज्या दिवसाची वाट पाहत होता, तो असा आला. १९२० साली आलेला हा माणूस १९४९ साली नागरिक झाला. १९५० साली तो गावचा न्यायाधीश म्हणून निवडून आला, पण नागरिक होऊन वर्ष पुरे झाले नव्हते म्हणून जागा नाकारली गेली. १९५२ साली तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा निवडून आला. आणि १९५६ साली थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये!

हे सारे मी भाचीला एकदम सांगितले नाही, हप्त्याहप्त्याने सांगितले. पारपत्राचे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे पंडितांनीही जुनं सोडलं होतं.” मी म्हटले, “हो. आणि म्हणूनच तू ज्यांना अर्ज दिलास, त्यांच्यावरही जबाबदारी येते. माणूस एक घर सोडून दुसऱ्या घरी येतो, तेव्हा दिलेला शब्द दोघांनी पाळायचा असतो. तुझा जीव कासावीस होतो, ते ठीकच आहे. ज्याला सोडताना काही वाटत नाही, त्याच्या शपथेला तरी काय किंमत?”

या श्रावणात तिचा पुन्हा फोन आला. मुलाखत झाली, शपथेची तारीख लागली. बर्कलीत अलीकडेच एका रस्त्याला कला बगई यांचे नाव दिले आहे. ज्या गावाने त्या बाईंना घरात पाऊल टाकू दिले नाही, त्याच गावात. कलाबाई १९४६ च्या कायद्यानंतर रीतसर नागरिक झाल्या होत्या. भाची म्हणाली, “मामा, शपथ झाली की आधी तिथे जाऊन येणार आहे. तुम्ही चकल्या पाठवा, नेईन बरोबर.”

चकल्यांचे पार्सल काल रवाना केले.