सुई नाकासमोर, तरी विमान वाटेबाहेर: रेडिओ बीकन आणि वाऱ्याचं गणित नेमकं काय असतं?

नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारली, तर ती पुलगाव आणि आर्वीच्या मधून, वर्धा शहराच्या जरा उत्तरेकडून जाते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. खाली अंधार आणि जीपीएसचं नावही नाही. त्या काळात पायलटचा एक मोठा आधार म्हणजे रेडिओ बीकनकडे वळणारी सुई.

ही सुई काम कशी करते?

बीकन म्हणजे जमिनीवरचा साधा ट्रान्समीटर. तो सगळीकडे सारखाच सिग्नल सोडतो; दिशा शोधायचं काम विमानातल्या अँटेनाचं. मीडियम वेव्ह लावलेला ट्रान्झिस्टर जागेवर फिरवला की आवाज कमी-जास्त होतो, ते आठवतंय ना? तत्त्व तेच. म्हणून या यंत्रावर आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झही लागू शकतं, आणि मग सुई त्या टॉवरकडे वळते.

मग सुई नाकासमोर ठेवली की झालं?

वारा नसेल तर हो. पण समजा विमान पुलगाववर आहे, वेग ताशी २४० किलोमीटर आणि डावीकडून ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा. नागपूर साधारण ८५ किलोमीटर, म्हणजे २१ मिनिटं. पायलटने नाक एकाच दिशेला धरून ठेवलं, तर तोवर विमान जवळपास १४ किलोमीटर उजवीकडे सरकलेलं असेल. नदी पोहून पार करणारा समोरच्या घाटावर न लागता खाली वाहत जातो, तसंच.

वाटेत सुई डावीकडे सरकू लागते. नवखा पायलट नाक वळवून ती पुन्हा समोर आणतो. थोड्या वेळाने परत तेच. असं करत तो बीकनवर पोहोचतो खरा, पण सरळ रेघेने नाही, तर बाहेर फुगलेल्या वळणाने. ढगात किंवा डोंगराळ भागात हे वळण जिवावर बेतू शकतं, कारण सुरक्षित उंची ठरलेल्या वाटेपुरतीच तपासलेली असते.

सराव असलेला पायलट नाक आधीच वाऱ्याकडे, इथे सुमारे १० अंश डावीकडे, वळवून ठेवतो. मग सुई नाकाच्या १० अंश उजवीकडे दिसते आणि तिथेच स्थिर राहते. गंमत म्हणजे सुई वाकडी, पण वाट सरळ.

सुई फसवते का?

कधीकधी. विजांचा गडगडाट असेल तर ती बीकन सोडून ढगाकडे झुकते. सूर्यास्त-सूर्योदयाच्या सुमारास डोलते. सिग्नल बंद पडला तर अनेक जुन्या यंत्रांत सूचना देणारा दिवासुद्धा नसतो, म्हणून पायलट बीकनचा मोर्स कोड कानाने ऐकत राहतात.

आणि सुई फक्त दिशा सांगते, अंतर नाही. अंतराचा अंदाज चुकला तर काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय. ७ जुलै १९६२ रोजी अलितालियाचं डीसी-८ विमान मुंबईला उतरण्याआधीच जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि त्यातले सर्व ९४ जण गेले. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलोय, असा पायलटचा समज झाला होता, असं चौकशीत पुढे आलं.